गुरांचा डॉक्टर व्हायचंय? मग कॉलेजचा गोठा आधी पाहा



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्याकडं चार-दोन पालक हमखास येतात. कुणी मुलाला घेऊन येतं, कुणी मुलीला. म्हणणं एकच असतं, "डॉक्टरसाहेब, आमच्या पोराला गुरांचा डॉक्टर करायचाय. कुठलं कॉलेज चांगलं?" मी उलट विचारतो, "तात्या, तुम्ही बैल घ्यायला जाता तेव्हा बाजार केवढा मोठा हे बघता, का बैलाचे दात, खूर आणि चाल बघता?" तात्या हसतात आणि म्हणतात, "बाजाराचं काय करायचं? चाल बघावी लागते." कॉलेजचंही तसंच आहे. आज त्याच विषयावर चार गोष्टी सांगणार आहे.

आधी एक खुलासा करतो. जनावरांच्या डॉक्टरांची कामं अनेक तऱ्हेची असतात. शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढणारे डॉक्टर असतात. त्यांचं काम मोलाचं आहे. पण मी आज बोलणार आहे ते गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, डुक्कर यांच्या डॉक्टरांविषयी. या जनावरांच्या दूध, अंडी आणि मांसावर माणसं जगतात, आणि त्यांच्यावर आपल्या घरचा बाजारहाट चालतो.

या डॉक्टरचं काम वेगळं कसं, ते बघा. गाईच्या कासेला सूज आली, डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, तर त्या औषधाचा अंश दुधात उतरतो. किती दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरला माहीत पाहिजे आणि त्यानं ते मालकाला बजावून सांगितलं पाहिजे. कारण ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असतं. दुसरं असं की, इथं हिशोब लागतो. शेळीच्या किमतीपेक्षा औषधाचा खर्च जास्त झाला, तर तो उपचार मालकाला परवडत नाही. आणि तिसरं, एका जनावराकडं पाहून भागत नाही. एका गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरली तर सारा गाव धरला जातो. २०२२ साली लम्पीच्या साथीत आपण हे डोळ्यांनी पाहिलं. गावोगाव शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत फिरणारे हात कुणाचे होते? याच डॉक्टरांचे आणि पशुधन पर्यवेक्षकांचे. बुळकांडीनं एके काळी गोठेच्या गोठे रिकामे होत. तो रोग २०११ साली साऱ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं, तेही लस टोचणाऱ्यांनी दारोदार फिरून केलेलं काम आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला कमीपणा वाटतो, पण तुमच्या उपयोगाची आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी नोकरीला नवा लागलो होतो. जेमतेम तीन आठवडे झाले असतील. कॉलेजात माझे मार्क चांगले होते. पुस्तक पाठ होतं. रात्री अकराच्या सुमाराला एक शेतकरी कंदील घेऊन दारात आला. म्हणाला, "साहेब, म्हैस अडलीय. दुपारपासून कळा देत होती, आता कळाबी थांबल्या." सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली म्हैस होती. त्याच्या घरचं सगळं तिच्या दुधावर चालायचं.

मी गेलो, हात घातला. आत पिळलेल्या धोतरासारख्या वळ्या लागल्या. पिशवीला पीळ पडलाय एवढं मला कळलं. म्हशीत हा प्रकार पुष्कळदा होतो. उपाय पुस्तकात लिहिलेला होता. ज्या बाजूला पीळ, त्याच बाजूला जनावर लोळवायचं, म्हणजे पीळ उलगडतो. वाक्य पाठ होतं. पण पीळ उजवा का डावा, ते हाताला कळेना. त्याआधी असा हात मी जिवंत म्हशीत एकदाही घातला नव्हता. वर्गात चित्र पाहिलं होतं, एवढंच. मी अंदाजानं डावीकडं लोळवली. एकदा, दोनदा. पीळ सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला.

पहाटे शेजारच्या केंद्राचे एक जुने पर्यवेक्षक सायकलवर आले. त्यांनी हात घातला, अर्ध्या मिनिटात म्हणाले, "साहेब, पीळ उजवा हाय." पोटावर फळी ठेवून म्हैस उजवीकडं लोळवली. तिसऱ्या खेपेला पिशवी मोकळी झाली, पाणी आलं, पाठोपाठ पारडू आलं. मेलेलं. म्हैस वाचली. पण पारडू नाही म्हणून ती पान्हा सोडेना, आणि ते अख्खं वेत वाया गेलं. मालक मला एका शब्दानं बोलला नाही. उलट चहा करून दिला. तो चहा मला अजून आठवतो.

(हे ऐकून कुणी घरी जनावर लोळवायचा प्रयोग करू नये. चुकीच्या बाजूला लोळवल्यानं काय होतं ते मी आत्ताच सांगितलं. भरल्या दिवसांची म्हैस बेचैन झाली, कळा येऊन थांबल्या आणि पाणमोट दिसत नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलवा.)

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की, आपल्या मुलाला कॉलेजात पाठवताना हीच एक गोष्ट पाहायची आहे. साडेपाच वर्षांत त्याचा हात किती गाई-म्हशींना लागणार? किती वेणी त्याच्या डोळ्यांसमोर होणार? बाकी इमारत, नाव, शहर हे सगळं त्यानंतर.

आता आपल्या राज्यात काय सोय आहे ते सांगतो. पशुवैद्यकाची पदवी म्हणजे बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. हे शिक्षण आपल्याकडं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं. हे विद्यापीठ २००० साली निघालं. त्याआधी ही कॉलेजं कृषी विद्यापीठांकडं होती. जुनी कॉलेजं पाच. मुंबईचं परळचं कॉलेज सगळ्यांत जुनं, १८८६ सालचं. नागपूरचं १९५८ चं, परभणीचं १९७२ चं. त्यानंतर लातूर जिल्ह्यातलं उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. अकोल्याला पदवीनंतरच्या शिक्षणाची संस्था आहे. अलीकडं आणखी नवी कॉलेजंही होत आहेत, तेव्हा अर्जाच्या वर्षी विद्यापीठाची ताजी यादी पाहून घ्यावी.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कुठल्याही मान्य कॉलेजात गेलात तरी पदवी तीच. अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषदेनं घालून दिलेला, तो देशभर एकच. पास झाल्यावर नोंदणी तीच, आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचा हक्कही तोच. "मुंबईची पदवी भारी आणि उदगीरची हलकी" असा काही प्रकार नाही. मग फरक कशात पडतो? फरक पडतो तो कॉलेजच्या दारात रोज कुठलं जनावर येतं त्यात.

मुंबईच्या दवाखान्यात कुत्री, मांजरं पुष्कळ येणार, हे उघड आहे. ज्याला शहरात दवाखाना थाटायचाय त्याला ती जागा उत्तम. अर्थात मुंबईत गुरं नाहीतच असंही नाही. गोरेगावला १९४९ साली वसवलेल्या आरे वसाहतीत म्हशींचे तबेले आहेत. देवनारला १९७१ पासून मोठा कत्तलखाना आहे. मांस तपासणीच्या कामात ज्याला जायचंय, त्याला हे जवळ असणं फायद्याचं. पण आडलेली म्हैस, फुगलेला बैल, पायलाग झालेल्या मेंढ्या रोज बघायच्या असतील, तर त्या जिथं आहेत तिथंच गेलं पाहिजे.

उदगीरचा मुलूख हा देवणी गाईचा. ज्या गावावरून या जातीला नाव पडलं ते देवणी तिथून जवळच. परभणीच्या बाजूला लाल कंधारी आणि मराठवाडी म्हैस. दोन्हीकडं उस्मानाबादी शेळी घरोघर. नागपूरच्या बाजूला गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस. शिरवळ पुणे-सातारा रस्त्यावर. तिथून चारी बाजूंना संकरित गाईंचे गोठे, दूध संकलन केंद्रं, मेंढपाळांचे कळप आणि कोंबड्यांच्या शेडी. आपल्या मुलाला पुढं ज्या जनावरांत काम करायचंय, ती जनावरं ज्या कॉलेजच्या आसपास आहेत, ते कॉलेज त्याच्यासाठी चांगलं. एवढा साधा हिशोब आहे.

पण मुलूख गुरांचा आहे म्हणून कॉलेज आपोआप चांगलं ठरत नाही. गोठा भरलेला आणि विद्यार्थी खिडकीतून बघतोय, असंही घडतं. म्हणून माझं सांगणं आहे की, अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा स्वतः जाऊन या. एस.टी.चं भाडं खर्च होईल, दोन दिवसांचा रोज बुडेल, पण साडेपाच वर्षांचा प्रश्न आहे. गेल्यावर आधी आवारातल्या गोठ्यावर जा आणि मग दवाखान्यात. तिथं शेवटच्या वर्षाची मुलं भेटतील. गावाकडचा माणूस म्हटल्यावर ती मोकळेपणानं बोलतात. त्यांना हे विचारा:

१. गाभण तपासायला तुमचा स्वतःचा हात आजवर किती गाई-म्हशींत गेलाय? आकडा विचारा. "पुष्कळ" असं उत्तर घेऊ नका.

२. रात्री अडलेलं जनावर दवाखान्यात आलं तर विद्यार्थ्यांना उठवतात का? का सकाळी झालेलं काम नुसतं दाखवतात?

३. दवाखान्याची गाडी आसपासच्या गावांत जाते का? आठवड्यातून किती वेळा? आणि तिच्यात विद्यार्थी असतात का?

४. कॉलेजच्या गोठ्यात दूध कोण काढतं, नोंदवही कोण ठेवतं? विद्यार्थ्याला धारही काढता येत नसेल तर त्याला कासेचा रोग काय कळणार?

५. शेळ्या, मेंढ्या आणि कोंबड्या आहेत का? मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन विद्यार्थी स्वतः करतात का? कोंबड्यांच्या रोगात तर निम्मं निदान तिथंच होतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा या गोष्टीचं महत्त्व सगळ्यांना कळलं.

६. शिकवणाऱ्यांच्या जागा भरलेल्या आहेत का? विशेषतः शस्त्रक्रिया, प्रसूती आणि औषधोपचार हे विषय शिकवायला माणसं पुरेशी आहेत का?

ही सहा उत्तरं एका वहीत लिहून घ्या. दोन कॉलेजं पाहिलीत, की कुठं पाठवायचं ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता प्रवेशाचं. आपल्या भागात कित्येक मुलं इथंच घसरतात. अकरावीलाच जीवशास्त्र घ्यावं लागतं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. गणित घेतलं आणि जीवशास्त्र सोडलं, तर ही वाट बंद. आणि आता प्रवेश "नीट" परीक्षेच्या गुणांवर होतो. म्हणजे नुसते बारावीचे मार्क पुरत नाहीत. कॉलेज कुठलं मिळेल ते गुणांवर ठरतं हे खरं, पण अर्जात पसंतीक्रम तुम्ही भरायचा असतो. तुमच्या हातातली निवड म्हणजे तोच रकाना. बरीच मंडळी तो नेटकॅफेतल्या पोराला भरायला सांगतात. तो ऐकीव नावाप्रमाणं भरून टाकतो. तसं करू नका. वही समोर ठेवून, मुलाशी बोलून, क्रम स्वतः ठरवा. जातवैधता, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे कागद निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. कागदासाठी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात. त्या भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात. तेव्हा चांगले गुण असतील तर बाहेरच्या राज्यातही जाता येतं. दुधाच्या धंद्यात शिरायचं असेल तर गुजरातचं आणंद, अंड्यांच्या कोंबड्यांत काम करायचं असेल तर तमिळनाडूचं नामक्कल, ही दोन नावं सांगून ठेवतो. दोन्ही ठिकाणी तो धंदाच कॉलेजच्या दारात आहे. मात्र तिथल्या शेतकऱ्याची भाषा पोराला शिकावी लागेल. गुराचं दुखणं मालकाच्या तोंडून कळतं, हे विसरू नका.

एक धोक्याची सूचना. "सहा महिन्यांत गुरांचे डॉक्टर व्हा" अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ सालचा आहे. त्याप्रमाणं पदवी घेऊन नोंदणी केलेल्यालाच पूर्ण उपचाराचा अधिकार आहे. पदविका घेतलेल्यांना किरकोळ सेवा देता येते, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. पदविकेचं शिक्षण वाईट नाही. माझी लाज राखणारे ते पर्यवेक्षक पदवीवाले नव्हते. पण पदविका म्हणजे पदवी नव्हे, आणि सहा महिन्यांची पाटी म्हणजे काहीच नव्हे. पैसे भरण्याआधी, त्या कॉलेजला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, एवढं खात्री करून घ्या. जमीन विकून भरलेले पैसे परत येत नाहीत.

शिक्षणाची मुदत साडेपाच वर्षं. त्यांतलं शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं, त्याला आंतरवासिता म्हणतात. हे वर्ष म्हणजे खरं कॉलेज. पुष्कळ मुलं हे वर्ष स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचण्यात घालवतात. मुलाला सांगा, पुस्तक रात्री वाच, दिवस गोठ्यात घाल. त्याच्या आधीच्या सुट्ट्यांतही आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बस म्हणावं. आणि हात घालायचा तर हातमोजे घालूनच. गाभडलेल्या जनावरापासून माणसाला ताप लागू शकतो, तो महिनोन् महिने हटत नाही. पिसाळण्यावरची लसही विद्यार्थ्यानं आधीच टोचून घ्यावी.

नोकरीचंही खरं ते सांगितलं पाहिजे. पदवी मिळाली की सरकारी नोकरी ठेवलेलीच आहे, असं नाही. पशुधन विकास अधिकाऱ्याच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात, आणि जागा निघायला वेळ लागतो. पण दूध संघ, कोंबड्यांच्या कंपन्या, लस तयार करणाऱ्या संस्था, पशुखाद्याचे कारखाने यांनाही माणसं लागतात. आणि ज्याच्या हाताला गुण आहे, त्यानं मोटारसायकलवर औषधाची पेटी बांधून स्वतःचा धंदा केला तरी तो उपाशी राहत नाही. मात्र हे हाताच्या गुणावर आहे, आणि हात तयार होतो तो कॉलेजात.

मुलींविषयी एक शब्द. गेल्या उन्हाळ्यात एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नात हुशार, घरच्या चार म्हशींची धार तीच काढायची. आजोबा म्हणाले, "पोरीला गुरांच्या डॉक्टरीचा नाद लागलाय. पण बैल काय तिच्यानं आवरायचा? मुंबईला टाकतो, कुत्र्या-मांजरांचं बघेल." मी त्यांना म्हटलं, "आबा, बैल मलाही आवरत नाही. तो खोड्यात घालूनच आवरतो. आणि अडलेल्या शेळीच्या पिशवीत माझा हात जात नाही, हिचा जाईल." आज या कॉलेजांच्या वर्गांत मुली पुष्कळ दिसतात. आजोबांनी तिला दोन कॉलेजं दाखवून आणली. पहिल्या पसंतीला कुठलं नाव लिहायचं ते नातीनं ठरवलं. "जिथं म्हशी जास्त, तिथं," एवढंच ती म्हणाली. तिचा नंबर कुठं लागेल ते गुणांवर आहे. पण रकाना तिनं जाणून भरला.

शेवटी एक विनंती. मुलाला डॉक्टर करायचं ठरवण्याआधी आठ दिवस त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. शेण, रक्त, वास, अवेळी येणारी हाक, हे सगळं त्याला दिसू द्या. आठव्या दिवशी तो स्वतःहून जायला निघाला, तर समजा पोरगा या कामाचा आहे. नाही निघाला, तर त्याला दुसरी वाट धरू द्या. त्यात काही वाईट नाही.

आपल्या गावाला चांगला गुरांचा डॉक्टर हवा, असं आपण सगळेच म्हणतो. तो बाहेरून यायचा तेव्हा येईल. आपल्याच गोठ्यातला कुणी शिकून तयार झाला, तर अडलेल्या म्हशीच्या मालकाला पहाटेपर्यंत वाट बघावी लागणार नाही.

एवढं सांगून मी थांबतो. राम राम.

थोडक्यात, ध्यानात ठेवा:

• मान्यताप्राप्त कॉलेजांची पदवी एकच. फरक दारात येणाऱ्या जनावरांचा.
• अकरावीला जीवशास्त्र घ्या. "नीट" द्यावी लागते.
• पसंतीक्रम स्वतः भरा, आणि कॉलेज पाहून आल्यावरच भरा.
• पैसे भरण्याआधी भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता तपासा.
• शेवटचं आंतरवासितेचं वर्ष गोठ्यात घालवा.